टुंड्रात ‘काहीच नसते’ हे एकदाचे पुस्तकातून काढा

भूगोलाची पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तेहतीस वर्षे मी उरण तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. तेवढ्या काळात पुस्तक चार-पाच वेळा बदलले. कागद चकचकीत झाला, चित्रे रंगीत झाली, ‘प्रश्नोत्तरे’ जाऊन ‘स्वाध्याय’ आले. उत्तर ध्रुवाभोवतीचा टुंड्रा प्रदेश मात्र होता तिथेच राहिला. विषुववृत्तीय वनांना दोन पाने, मान्सूनला अख्खा धडा (ते योग्यच), आणि टुंड्रा सगळ्यात शेवटी अर्ध्या पानात. फेब्रुवारी आला, अभ्यासक्रम मागे पडला, की एका तासात उरकायचा भाग. मीही तसाच उरकत आलो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे त्यात माझाही वाटा धरूनच वाचावे.

एक प्रसंग सांगतो. सहामाहीच्या पेपरात नेहमीचा प्रश्न होता: टुंड्रा प्रदेशात लोकवस्ती विरळ असते, भौगोलिक कारणे लिहा. गुण तीन. एका मुलाने थंडी, शेतीचा अभाव वगैरे लिहून खाली जोडले होते, ‘आणि उन्हाळ्यात तिथे डास फार चावतात.’ नमुना उत्तरात डास नव्हते. मी लाल पेनाने फुली मारली आणि शेजारी लिहिले, ‘बर्फात डास?’ अर्धा गुण कापला. वर्गात तो काही बोलला नाही. नंतर कधीतरी त्याच्या वडिलांकडून कळले, की त्याचा मामा जहाजावर होता आणि त्याचे जहाज एकदा रशियात मुर्मान्स्कला लागले होते. डासांची बातमी मामाची होती, आणि शंभर टक्के खरी होती. टुंड्रातल्या उन्हाळ्यात डासांचे इतके मोहोळ उठते, की कॅरिबूंचे, म्हणजे रानटी रेनडियरचे, कळप चरणे सोडून वाऱ्याच्या किनाऱ्याकडे नाहीतर शिल्लक राहिलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभे राहतात. तो मुलगा आता बंदरात कामाला आहे, भेटला की नमस्कार करतो. त्याचा अर्धा गुण माझ्याकडे अजून बाकी आहे.

पुस्तकातला टुंड्रा म्हणजे नकारांची यादी आहे. झाडे नाहीत, शेती नाही, रस्ते नाहीत, माणसे जवळजवळ नाहीत. आहे काय, तर शेवाळ, दगडफूल, पांढरे अस्वल आणि इग्लूत राहणारे एस्किमो. उद्या कोणी कोकणाचे वर्णन ‘गहू नाही, ऊस नाही, सपाट जमीन नाही’ एवढ्यावर संपवले तर आपण त्याला सोडू का? मुले हे नकार पाठ करतात आणि त्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवतात: तिथे काहीच नसते. आणि जिथे काही नसते तिथे काही बिघडण्यासारखेही नसते, हा निष्कर्ष ती न सांगता काढतात.

मी टुंड्रा पाहिलेला नाही. पण टुंड्रातून आलेले पाहुणे गेली वीस-बावीस वर्षे न चुकता पाहतो आहे, आणि तेही घरापासून सायकलच्या अंतरावर. आमच्याकडे जुन्या मिठागरांच्या कडेला ओहोटीला चिखल उघडा पडतो. त्या चिखलावर सप्टेंबरपासून लहान-लहान राखाडी पक्ष्यांचे थवे धावत असतात. एक छोटा टिलवा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे तीन-चार सुपाऱ्यांएवढे. दुसरा त्याहून थोडा मोठा, चोच खाली वळलेली. पक्षीनिरीक्षक त्याला इंग्रजी नावाने कर्ल्यू सँडपायपर म्हणतात, मी मुलांना ‘बाकदार चोचीची तुतारी’ असे सांगतो. ही तुतारी अंडी घालते ती सायबेरियाच्या अगदी उत्तरेला, तैमिर द्वीपकल्पाच्या आणि त्याच्या पूर्वेकडच्या टुंड्रात. इथून सहा हजार किलोमीटरहून जास्त. एकदा सहावीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. दुर्बिणीतून बघता बघता एका मुलीने विचारले, ‘‘सर, टुंड्रात तर काहीच नसतं ना? मग हे तिकडे खायला काय जातात?’’

प्रश्न तिचा होता आणि चूक आपली. या पत्रात मी तिला द्यायला हवे होते ते उत्तर तुम्हाला देतो आहे.

सुरुवात जमिनीपासून करावी लागते, कारण टुंड्राचे सगळे नाटक जमिनीखाली आहे. आपल्या पुस्तकात एक वाक्य असते, ‘येथे पर्जन्य अत्यल्प असते.’ खरे आहे. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण १५० ते २५० मिलिमीटर. आमच्याकडे आषाढात एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. मग पुढच्याच वाक्यात ‘दलदलीचा प्रदेश’ कसा येतो? मुले विचारत नाहीत, कारण विचारायची सवय आपण ठेवलेली नाही. उत्तर असे, की उन्हाळ्यात वरची हात-दीड हात जमीन सुटते, कुठे मीटरभर. त्याखाली पहार मारली तर खणखण वाजते. ती जमीन कायमची गोठलेली आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर शेकडो मीटर खोल, सायबेरियातल्या याकुतियात काही ठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास. शेततळ्याला खाली प्लास्टिक अंथरतात ना, तेच काम हा गोठलेला थर करतो. वितळलेले पाणी मुरत नाही, गारव्यामुळे वाफही फारशी होत नाही. मग ते जागच्या जागी साचते. वाळवंटाइतक्या पावसात लाखो तळी! शेततळ्याची उपमा सोलापूर-सांगलीच्या मुलाला एका वाक्यात कळेल, ती पुस्तकात घालायला काय हरकत आहे?

आणि एक चित्र जरूर द्या. आर्क्टिक किनाऱ्यावरचा सपाट टुंड्रा विमानातून पाहिला, तर थेट आमची मिठागरे दिसतात. बांध घातलेले, एकाला एक लागून खण, मध्ये पाणी. फरक एवढाच, की इथले बांध आगऱ्यांनी घातले आणि तिथले थंडीने. उन्हाने काळी जमीन भेगाळते तशी तिथली जमीन कडक थंडीने आकसून भेगाळते. वसंतात भेगेत पाणी शिरते, गोठते. पुढच्या हिवाळ्यात भेग तिथेच पुन्हा उघडते, पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. शेकडो-हजारो वर्षे हे चालले की भेगेत बर्फाची जाड पाचर बसते आणि दोन्ही बाजूंची माती वर ढकलली जाते. तो झाला बांध. एकेक खण साधारण दहा ते तीस मीटरचा. खणात पाणी, पाण्यात आणि ओल्या शेवाळात डासांच्या, चिलटांच्या अळ्या. जुलैत हे सगळे एकदम उडते. तुतारीच्या पिल्लांचे तेच जेवण. तैमिरच्या उत्तरेला मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही, त्यामुळे पिल्लांना चोवीस तास खाता येते. ‘खायला काय जातात’ याचे उत्तर: डास. माझ्या त्या विद्यार्थ्याचे अर्धे वाक्य.

‘झाडे नाहीत’ हे वाक्यही पुन्हा तपासा. आर्क्टिक विलो नावाचे वाळुंजाच्या कुळातले झाड आहे, लाकडाचे, वर्षवलये असलेले. शंभराहून जास्त वर्षे जगते आणि आपल्या घोट्याच्या वर येत नाही. वारा आणि थंडी वर आहेत, ऊब जमिनीलगत आहे, म्हणून ते आडवे पसरते. टुंड्रात झाडाच्या सावलीत बसता येत नाही, झाडावर बसावे लागते. पिवळ्या-पांढऱ्या आर्क्टिक पॉपीचे फूल वाटीसारखे असते आणि सूर्याबरोबर वळते. त्या वाटीत बाहेरच्यापेक्षा जास्त ऊब साठते आणि किडे त्यात शेकत बसतात. केसाळ सुरवंट आहे एक, तो पतंग व्हायला सुमारे सात वर्षे घेतो. दर उन्हाळ्यात काही आठवडे खातो, उरलेले वर्ष गोठून पडतो, पुन्हा वितळून खायला लागतो. आर्क्टिकमधली जमिनीवरची खार शीतनिद्रेत शरीराचे तापमान शून्याच्या खाली, उणे २.९ अंशांपर्यंत नेते आणि तरी तिचे रक्त गोठत नाही. हे १९८९ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आहे, काल-परवाचे नाही. पुस्तकात यायला आणखी किती वर्षे हवीत?

दगडफुलाबद्दल माझी खास विनंती आहे. तुम्ही ‘दगडफूल’ लिहिता आणि पुढे जाता. अहो, ते गोड्या मसाल्यात असते! वर्गातल्या प्रत्येक मुलाने ते खाल्ले आहे. रेनडियर हिवाळाभर ज्यावर जगतो तेही दगडफूलच, जात वेगळी. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. एकदा ट्रकच्या चाकाखाली चिरडले किंवा कळपाने मुळापासून खरवडून नेले, की ते कुरण पूर्ववत व्हायला काही दशके जातात. डब्यातले दगडफूल वर्गात आणून हातावर ठेवा आणि मग हे सांगा. मी निवृत्तीच्या आदल्या वर्षी केले, तेव्हा मागच्या बाकावरून पहिल्यांदा प्रश्न आले.

आता लेमिंग. पुस्तकात नाव असते, चित्र नसते. बहुतेक मुलांना (आणि शिक्षकांना) त्याच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते, की हे उंदीर कड्यावरून समुद्रात उड्या मारून आत्महत्या करतात. ही निव्वळ थाप आहे. १९५८ सालच्या एका अमेरिकन निसर्गपटात ते दृश्य मुद्दाम घडवले होते, प्राणी ढकलून. खरे लेमिंग याहून कितीतरी रंजक आहे. ते हिवाळ्यात झोपत नाही. बर्फाच्या खाली, जमिनीलगत बोगदे करून राहते. वर उणे तीस असले तरी बर्फाच्या गोधडीखाली बरीच ऊब असते. तिथेच गवताची घरटी, तिथेच बाळंतपणे. तीन-चार वर्षांनी त्यांची संख्या अफाट वाढते आणि मग एकदम कोसळते.

या चढउताराला सगळा टुंड्रा बांधलेला आहे. लेमिंगचे साल असले की हिमघुबड भरपूर अंडी घालते, नसले की घालतच नाही. कोल्हीला एका वेळी दहा-बारा पिल्ले होतात. तोवर पक्ष्यांच्या घरट्यांकडे कोल्ह्याचे फारसे लक्ष नसते. पुढच्या वर्षी लेमिंग संपतात, कोल्हे मात्र असतात, आणि उपाशी. मग ते अंडी आणि पिल्ले शोधत फिरतात. त्या साली तैमिरवरून दक्षिणेकडे निघणाऱ्या थव्यांत पिल्ले जवळजवळ नसतात. ही केवळ कल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेत हिवाळा काढायला येणाऱ्या बाकदार तुताऱ्यांत कोवळे पक्षी किती याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तैमिरमधल्या लेमिंगच्या सालांशी लावून पाहिल्या, तेव्हा दोन्हींचा ताल जुळला. पश्चिम युरोपात हिवाळा काढणाऱ्या काळ्या ब्रेंट हंसांचेही तेच.

आमच्या चिखलात हे डोळ्यांनी दिसते. मोठे पक्षी आधी येतात, ऑगस्टमध्येच. काहींच्या पोटावर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून शिल्लक असतो. नर तर पिल्ले अंड्यातून यायच्या आधीच निघालेले असतात, माद्या नंतर. पिल्ले शेवटी, आई-बापांशिवाय, कधी न पाहिलेल्या वाटेने. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. ओळखायला सोपी: पाठ खवल्याखवल्यांची, छाती पिकल्या पेरूच्या आतल्यासारखी फिकट गुलाबी-पिवळसर. माझ्या वहीत काही वर्षी पिल्ले मोजायला दोन हातांची बोटे पुरली आहेत, काही वर्षी पान भरले आहे. याला संशोधन म्हणू नका, माझी दुर्बीण जुनी आहे आणि डोळे त्याहून. पण सहावीच्या मुलांना सांगता येते, ‘‘यंदा तैमिरला उंदीर बरे झालेले दिसतात.’’ मुले हसतात आणि घरी जाऊन तेच वाक्य आईला ऐकवतात. भूगोल शिकवणे म्हणजे याहून वेगळे काही आहे का?

आता माणसांकडे येतो, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिथे आहे. ‘एस्किमो’ हा शब्द काढा. कॅनडा आणि ग्रीनलंडमधले लोक स्वतःला इनुइट म्हणवतात, अलास्का आणि सायबेरियाच्या टोकाला युपिक आहेत, आणि बाहेरच्यांनी चिकटवलेले ते नाव त्यांतल्या बहुतेकांना अपमानाचे वाटते. ‘इग्लू’ म्हणजे त्यांच्या भाषेत नुसते घर. बर्फाचे घर हा कॅनडातल्या काही भागांतला हिवाळी शिकारीचा मुक्काम होता. ग्रीनलंड आणि अलास्कात माती, दगड, व्हेलची हाडे, वाहून आलेली लाकडे यांची घरे असत. आज ते तुमच्या-आमच्यासारख्या घरांत राहतात. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडात नुनावूत नावाचा वेगळा प्रदेश झाला, तिथे बहुसंख्य इनुइट आहेत आणि त्यांची स्वतःची विधानसभा आहे. आपल्या पुस्तकातला माणूस मात्र अजून कुत्र्यांच्या गाडीवर बसून कच्चे मांस खातो आहे. परदेशी पुस्तकांत आपल्याकडचा माणूस साप आणि हत्ती घेऊन उभा असे, तेव्हा आपल्याला राग येत होता.

आणि रशियाच्या उत्तरेकडचे नेनेत्स? त्यांचे तर नावही नसते. यामाल द्वीपकल्पावर हे लोक रेनडियरचे कळप घेऊन वर्षभर फिरतात. यामाल म्हणजे त्यांच्या भाषेत ‘जमिनीचे टोक’. वसंतात उत्तरेला किनाऱ्याकडे, कारण तिथे वारा असतो आणि डास कमी; हिवाळ्यात दक्षिणेला, जंगलाच्या कडेला. लाकडी खांब आणि रेनडियरची कातडी यांचा तंबू, त्याला चूम म्हणतात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे धनगरांचे वाडे आमच्या मुलांनी पाहिलेले असतात. घोड्यावर लादलेला संसार, वर बांधलेली कोंबडी, मागून मेंढरे. त्या मुलांना नेनेत्स समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात, पण पुस्तकाने ‘भटके’ एवढ्या एका शब्दावर दोघांनाही बसवले आहे. धनगर भटकत नाही, त्याचा रस्ता पिढ्यांचा ठरलेला असतो. नेनेत्सचाही.

त्या ठरलेल्या रस्त्यावर काय चालले आहे ते ऐका. नोव्हेंबर २०१३ मध्ये यामालवर बर्फ पडायच्या दिवसांत पाऊस पडला. मग थंडी आली आणि त्या पाण्याचा जाड थर कुरणावर गोठला. रेनडियर खुराने भुसभुशीत बर्फ उकरून दगडफुलापर्यंत पोचतो, पण हा थर त्याला फुटेना. त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. लेमिंगलाही असाच पाऊस मारतो, त्याची गोधडी गोठून दगड होते. २०१६ च्या उन्हाळ्यात त्याच भागात पारा ३५ अंशांपर्यंत गेला, वरची जमीन नेहमीपेक्षा खोल वितळली आणि अँथ्रॅक्सची साथ उसळली. आपल्याकडे गुरांत जिला फाशी म्हणतात तीच. आधीची साथ १९४१ ची होती. तेव्हापासून जंतू जमिनीत पडून होते असा बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. दोन हजारांवर रेनडियर मेले आणि बारा वर्षांचा एक मुलगा गेला.

त्या गोठलेल्या जमिनीत आणखी बरेच काही ठेवलेले आहे. सायबेरियातल्या कोलिमा नदीच्या काठी खारींनी बिळात साठवलेली फळे सापडली, सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीची. त्यांच्या पेशींपासून २०१२ साली रशियन शास्त्रज्ञांनी रोप वाढवले आणि त्याला पांढरी फुले आली. ही मजेची गोष्ट झाली. मजेची नाही ती अशी: हजारो वर्षांची न कुजलेली मुळे, पाने, शेवाळ या रूपाने उत्तरेकडच्या या गोठलेल्या जमिनीत सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे. वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. फ्रीजची वीज गेली की आतले कुजते, तसे ते कुजू लागले आहे. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या हवामान-सागर संस्थेच्या आर्क्टिक अहवालात नोंद झाली, की वणवे धरले तर टुंड्रा आता जेवढा कार्बन घेतो त्याहून जास्त सोडतो. हजारो वर्षे तो साठवत आला होता. ज्या पुस्तकात ‘टुंड्रा: थंड व ओसाड प्रदेश’ असे छापले आहे, त्या पुस्तकात ही नोंद कुठे बसवायची ते तुम्हीच सांगा.

बारीकसारीक परिणाम तर पक्ष्यांच्या चोचीपर्यंत पोचले आहेत. नॉट नावाचा पक्षी, आमच्या तुतारीचाच भाऊबंद, तैमिरवर जन्मतो आणि पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतो. तैमिरवर बर्फ वितळण्याची तारीख तीन दशकांत वर्षाला सरासरी अर्धा दिवस या हिशेबाने अलीकडे आली. किड्यांचा बहर लवकर उरकतो, पिल्ले उशिरा पडतात आणि अर्धपोटी वाढतात. अंग लहान, चोच आखूड. आफ्रिकेत जे शिंपले खायचे ते वाळूत खोल असतात, आखूड चोच पोचत नाही, आणि अशी पिल्ले पहिल्याच वर्षी जास्त मरतात. २०१६ साली हे प्रसिद्ध झाले. उपाशी राहिले सायबेरियात, मेले आफ्रिकेत. मरणाची नोंद कोणत्या देशाच्या खाती टाकायची?

‘हे सगळे दूरचे आहे, आपल्या मुलांना काय करायचे’ असे तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेलच. मी बैठकांत ऐकले आहे. मराठी माणसाला आर्क्टिक एवढा परका कधीच नव्हता. लोकमान्यांनी १९०३ साली वेदांतल्या लांबलचक उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. अभ्यासकांनी तो सिद्धान्त मानला नाही, ते सोडा, पण सहा महिन्यांची रात्र काय असते याची चर्चा पुण्यात तेव्हा झाली होती. आज नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलसुंड इथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून चालू आहे आणि ते चालवणारी ध्रुवीय संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. सावंतवाडीहून दोन-तीन तासांवर. सिंधुदुर्गातल्या किती शाळांची सहल तिथे जाते? जाणार कशी, पुस्तकात तिचा पत्ता नको का?

माझे मागणे फार नाही. अर्ध्याची दोन पाने करा. ‘नाही’ने सुरू होणारी वाक्ये काढून तिथे उन्हाळा घाला. जमिनीचा उभा छेद दाखवणारी एक आकृती द्या, खाली गोठलेला थर आणि वर हातभर जिवंत माती. पांढरे अस्वल काढले तरी चालेल. ते बिचारे बराच काळ समुद्राच्या बर्फावर असते, टुंड्राच्या धड्यात त्याला उगाच बसवून ठेवले आहे. अंटार्क्टिकाला टुंड्रात गुंडाळू नका, तिथे फुलणाऱ्या देशी वनस्पती दोनच आहेत आणि ती कथा निराळी. आणि उपक्रम म्हणून ‘इग्लूची प्रतिकृती तयार करा’ हे कृपा करून बंद करा. थर्माकोलचे किती इग्लू मी तपासले असतील! त्याऐवजी जवळच्या पाणथळीवर जाऊन थंडीतले पाहुणे मोजा, असा उपक्रम द्या. खाडी नसली तरी अडत नाही. छोटा टिलवा उजनीलाही येतो, जायकवाडीलाही येतो. सोलापूर आणि पैठणच्या मुलांना टुंड्राचा तुकडा एसटीच्या तिकिटात पाहता येतो.

नमुना उत्तरांची वही नव्याने कराल तेव्हा लोकवस्तीच्या त्या प्रश्नाखाली डास घाला. माझ्यावर एवढा एक उपकार.

धडा लिहायला बसण्याआधी तुमच्यापैकी दोघा-चौघांनी इकडे यावे. सप्टेंबरचा शेवट बरा, पाऊस ओसरलेला असतो आणि पिल्ले उतरायला लागलेली असतात. आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ओहोटीची वेळ मी पाहून ठेवीन. दुर्बीण आहे, बिस्किटे मी आणीन. चपला तेवढ्या जुन्या घाला, आमचा चिखल धरलेली चप्पल सहसा परत देत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
उरण, जि. रायगड